हौदापासून नळापर्यंत



लहान मुलांना पाण्याची काटकसर कशी शिकवावी, हा आजच्या भाषणाचा विषय. तो इतिहासाच्या एका जुन्या शिक्षकाकडे कां आला, अशी शंका आपणांस येईल. तिचें उत्तर माझ्या एका फजितींत आहे. तीच आधीं सांगतों.

पुण्यांतील एका प्राथमिक शाळेंत चौथीचा वर्ग शिकवीत असतां मीं मुलांकडून पाण्याच्या महत्त्वावर निबंध लिहवून घेतला. निबंध उत्तम उतरले. दोन-तीन वाचतांना तर माझेंच मन भरून आलें. मग मधली सुटी झाली. त्याच निबंधकारांनीं हात धुतले आणि तिन्ही नळ वाहते ठेवून ते मैदानावर पळाले! मीं रागावून जाब विचारला, तेव्हां एक मुलगा अगदीं निरागसपणें म्हणाला, "पण गुरुजी, नळाचें पाणी संपतें कुठें?"

त्याचें काय चुकलें? त्याच्या आयुष्यांत पाणी भिंतींतून येत होतें. भिंतीच्या पलीकडे काय आहे, हें मीं त्याला कधीं सांगितलेंच नव्हतें. त्या दिवसापासून निबंध बंद केला आणि आमच्या गांवाला पाणी कसें आलें, याची हकीकत सांगावयास लागलों.

सन १७३२ मध्यें शनिवारवाडा उभा राहिला आणि पुण्याची वस्ती झपाट्यानें वाढूं लागली. नदी, ओढे आणि विहिरी पुरेनात. तेव्हां नानासाहेब पेशव्यांनीं सन १७४९ च्या सुमारास कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशीं बंधारे घालून पाणी अडविलें व तेथून शहरांत नळ आणला. नळ म्हणतांच लोखंडी नळी डोळ्यांपुढें आणूं नये. हा जमिनीखालचा दगडाचुन्याचा बोगदाच होता. माणसानें आंत उतरून चालावें एवढा. कात्रज उंचावर, शहर सखल भागांत. त्यामुळें निव्वळ उताराच्या बळावर पाणी सात-आठ किलोमीटरांची वाट चालून येई. वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले होते. उच्छ्वास म्हणजे जमिनीवर डोकावणारे दगडी मनोरे. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे. मुलांना हा शब्द फार आवडे. नळाला नाक असतें, असें ते एकमेकांना सांगत.

हें पाणी शहरांत हौदांमध्यें उतरे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हीं नांवें पुणेकरांच्या जिभेवर अजून आहेत. मात्र त्या नांवांखालीं एके काळीं खरोखरच पाणी होतें, हें पुष्कळांच्या ध्यानींमनींही नसतें. हौदावरून घागर भरून आणणें हें घरांतल्या बायकांचें व पोरांचें काम. जें पाणी स्वतःच्या कमरेवरून घरीं आणलें, तें कोण सांडील? तांब्याभर पाण्यांत तोंड धुणें, भाजी धुतलेलें पाणी अळवाला घालणें, हें तेव्हां कोणी पाठ म्हणून शिकवीत नसे.

परंतु त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. वाहणाऱ्यांच्या कमरा मोडत, आणि उघड्या हौदांतून पाण्याबरोबर रोगही घरांत येत. शिवाय हे हौद सर्वांना कोठें मोकळे होते? ज्यांना अस्पृश्य मानलें, त्यांनीं दूर उभें राहून कोणी वरून पाणी घालील म्हणून वाट पाहावयाची. सन १८६८ मध्यें महात्मा जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठीं खुला केला. पुढें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन प्याले, तें याच हक्कासाठीं. पाण्याच्या पाठांत या हकीकती कशाला, असें एका सहकाऱ्यांनीं मला विचारलें होतें. माझें मत असें कीं, पाणी कोणाचें, हें ज्या मुलाला कळलें नाहीं, त्याला तें कोणासाठीं वांचवावयाचें हेंही कळत नाहीं.

सन १८७९ मध्यें कर्नल फाइफ यांच्या योजनेप्रमाणें खडकवासल्याचें धरण पुरें झालें आणि हळूहळू घरोघर नळ आले. घागरी माळ्यावर गेल्या. सोय मोठी झाली यांत वाद नाहीं. पण पाण्याची वाट मुलांच्या डोळ्यांआड झाली ती झालीच.

ती वाट एकदां मात्र सर्वांना भयंकर रीतीनें दिसली. १२ जुलै १९६१ रोजीं बांधकाम चालू असलेलें पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासलाही फोडलें. मी तेव्हां तान्हा होतों. आई सांगे, ज्या दिवशीं आळींतल्या घरांत पुरुषभर पाणी शिरलें, त्या दिवसापासून प्यावयाचें पाणी मिळेना. नळ कोरडे पडले, आणि माळ्यावरच्या घागरी उतरवून बायका पुन्हां जुन्या हौदाच्या वाटेनें निघाल्या.

एवढें सांगून झालें कीं मी मुलांना कामाला लावीं. सकाळीं प्रत्येकानें शाळेच्या आवारांतल्या टांकीवरून एक लहान बादली वर वर्गांत आणावयाची आणि दिवसभर पाटी पुसणें, हात धुणें, कुंडीला पाणी घालणें तेवढ्यांतच भागवावयाचें. दोन जिने होते. पहिल्या दिवशीं दुपारींच बादल्या रिकाम्या झाल्या. चौथ्या दिवशीं संध्याकाळीं बहुतेकांच्या बादलींत पाणी शिल्लक होतें. मीं उपदेशाचा एक शब्दही काढला नव्हता.

अखेरीस मुलांनीं आपल्या घरच्या नळापासून मागें मागें जात नकाशा काढावयाचा: नळ, गच्चीवरची टांकी, जलकेंद्र, कालवा, खडकवासला, त्याच्या वर पानशेत व वरसगांव. 'संपतें कुठें' म्हणणाऱ्या त्या मुलाच्या नकाशांत कालव्याची रेघ शहरांत न थांबतां पुढें पूर्वेकडे दौंड, इंदापूर अशी कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. मीं विचारलें, "ही रेघ कशाची?"

तो म्हणाला, "तोच कालवा आहे, गुरुजी. शेवटाला माझ्या मामाचें शेत आहे. आम्ही इथें नळ उघडा ठेवला, कीं त्याची पाळी येतां येतां राहते."