बरे झालेल्यांचा इतिहास

साथीच्या रोगांचा इतिहास बहुधा मृतांच्या आकड्यांनी लिहिला जातो. जे वाचले त्यांच्या नावापुढे ‘बरा झाला’ एवढा शेरा पडतो आणि दप्तराचे पान उलटते. परंतु रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाचे दुखणे त्या शेऱ्याबरोबर संपतेच असे नाही.

वैद्यकाला ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती. १८८९-९० मध्ये युरोपात इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हाच ताप उतरल्यानंतरही महिनोन्‌महिने टिकणारा थकवा, निद्रानाश आणि मनाची उदासी यांचे वर्णन तेथील डॉक्टरांनी केले होते. पुढे जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत शिरला व वर्षअखेरपर्यंत देशभर पसरला. एक कोटीहून अधिक माणसे दगावली. जेथे मृतांची मोजदादच पुरती होईना, तेथे वाचलेल्यांची पुन्हा विचारपूस कोण करणार? माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणूसुद्धा १९३३ साली हाती लागला.

ही विचारपूस पद्धतशीरपणे सुरू झाली ती अलीकडे. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर हाँगकाँग व टोरांटो येथील डॉक्टरांनी रुग्णालयातून बाहेर पडलेल्यांची वर्षभराने तपासणी केली. टोरांटोत बहुतेकांची फुप्फुसे सुधारलेली आढळली. तरीही काहीजण कामावर परतू शकले नव्हते.

२०२० मध्ये कोविडची साथ जगभर पसरली. चीनमधील वुहान शहराच्या जिनयिनतान रुग्णालयाने घरी पाठविलेल्या १,७३३ रुग्णांना सुमारे सहा महिन्यांनी परत बोलाविले, त्यांना प्रश्न विचारले, सहा मिनिटे चालावयास लावले. प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुढे दुरुस्ती करावी लागली. पण दुरुस्त आकड्यांनुसारही सुमारे दोन-तृतीयांश लोकांत एखादे तरी लक्षण उरलेले होते आणि निम्म्याहून अधिकांना थकवा किंवा स्नायूंची दुर्बलता जाणवत होती. या अवस्थेला ‘लाँग कोविड’ हे नाव दिले ते रुग्णांनीच. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली: लक्षणे किमान दोन महिने टिकावीत आणि त्यांना दुसऱ्या रोगाचे कारण नसावे.

अशा दुर्बलतेचे कारण एकच नसते. कोणाच्या अवयवांना विषाणूने इजा केलेली असते, तर कोणाचे स्नायू अंथरुणावर पडून झिजलेले असतात. बाहेरून मात्र माणूस धडधाकट दिसतो. ताप नाही, तपासणीत दोष नाही. मग कचेरीत त्याला कामचुकार म्हणतात आणि घरी हळवा. त्याच्या थकव्याची कोठे नोंद नसेल, तर त्याचे म्हणणे केवळ कुरकुर ठरते. म्हणूनच दप्तरातील तो एक वाढीव रकाना महत्त्वाचा आहे: सहा महिन्यांनी माणूस कसा आहे? रजा, हलके काम, पुढचे उपचार हे सारे त्या रकान्यावर अवलंबून असते.