पिकअपचा हौदा घरीच कापून छोटा करतात, ते नेमकं कसं? आणि यात धोका कुठे असतो?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. अमेरिकेतल्या एखाद्या घराचं गॅरेज, आत उभी जुनी शेव्हरोले किंवा टोयोटा पिकअप आणि हातात ग्राइंडर घेतलेला मालक. ठिणग्या उडतात, हौद्याचा मधला तुकडा बाहेर निघतो, मागचा भाग पुढे सरकवला जातो, वेल्डिंग होतं, रंग लागतो. मिनिटभरात लांबलचक गाडी आटोपशीर दिसायला लागते.

या मिनिटभरात एक गोष्ट बहुतेक वेळा नीट कळत नाही. कापलं कुठे? मागच्या चाकाच्या मागे की पुढे? दिसायला दोन्ही गाड्या सारख्याच छोट्या होतात. पण पहिलं काम मुख्यतः पत्र्याचं आहे आणि दुसरं थेट गाडीच्या कण्याला हात घालणारं.

मुळात हौदा एवढा लांब का असतो?

फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याची लांबी होती फक्त ५६ इंच, म्हणजे पाच फुटांहूनही कमी. पुढे पिकअप हे शेतकरी, सुतार, बांधकाम कंत्राटदार यांचं रोजचं वाहन झालं आणि आठ फुटांचा हौदा रूढ झाला. आठ फूटच का, याचं उत्तर प्लायवूडच्या दुकानात मिळतं. आपल्याकडे मिळतो तसाच आठ बाय चारचा शीट तिकडेही चालतो. मोठ्या पिकअपमध्ये तो हौद्यात आडवा ठेवून मागचा फाळका बंद करता येतो.

कामाच्या गाड्या म्हणून लांब हौद्याचे पिकअप भरपूर खपले. नंतर याच गाड्या शौकिनांच्या हातात आल्या, तेव्हा गणित उलटं झालं. ज्याला प्लायवूड न्यायचं नाही, त्याला साडेसहा फुटांचा आखूड हौदा जास्त देखणा वाटतो. १९६७ ते १९७२ या काळातल्या शेव्हरोले सी-१० चंच उदाहरण घ्या. आखूड हौद्याच्या गाडीला जास्त मागणी आणि जास्त किंमत, लांब हौद्याची तुलनेने स्वस्त. मग स्वस्त गाडी घ्यायची आणि कापून 'शॉर्ट' करायची, असा रिवाजच पडला.

दुसरा गट आहे डोंगरदऱ्यांत गाडी घालणाऱ्यांचा. चढावर किंवा खड्ड्यातून बाहेर पडताना मागच्या चाकामागे लोंबणारा भाग जमिनीला घासतो. तो कमी केला की गाडी अडकत नाही. या लोकांना किंमत, देखणेपणा यांच्याशी घेणंदेणं नसतं.

चाकाच्या मागे कापणं : वाटतं तेवढं सोपं नाही, पण घरी होण्यासारखं

पारंपरिक पिकअपची रचना या कामाला सोयीची असते. खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर पुढे केबिन आणि मागे वेगळा हौदा. हौदा चासीला वेल्ड केलेला नसतो, बोल्टने आवळलेला असतो. बोल्ट काढले, दिव्यांच्या वायरी सोडवल्या, पेट्रोल भरायची नळी मोकळी केली की चार जण मिळून तो उचलू शकतात.

मग सरळ मागचा भाग कापून फेकून का देत नाहीत? कारण फाळक्याचे बिजागर, त्याची कडी आणि मागचे दिवे शेवटच्या काही इंचांत असतात. तो भाग जपावा लागतो. म्हणून चाकाची कमान आणि मागचा दिवा यांच्या मधली पट्टी काढतात आणि शेपटाकडचा तुकडा पुढे आणून जोडतात.

किती इंच काढायचे, हे मनावर नसतं. खाली वाकून बघावं लागतं. मागच्या पाट्यांचं टोक चासीला जिथे लटकलेलं असतं, त्याच्या पुढे कापता येत नाही. बंपरचे ब्रॅकेट, टोइंगचा हूक, स्टेपनी अशा सगळ्यांना नवी जागा शोधावी लागते. स्टेपनी तर बहुधा बेघरच होते आणि हौद्यात येऊन बसते.

हौद्याच्या तळाला लांबीच्या दिशेने नाळी असतात, त्या जुळायला त्रास होत नाही. त्रास देतात बाजूचे पत्रे. ते वरून सरळ दिसले तरी मागे जाताना किंचित आत वळलेले असतात. मधली पट्टी काढली की दोन्ही कडा एका रेषेत येत नाहीत, काही मिलिमीटरची पायरी पडते. कसलेले लोक तिथे छोटे चिरे देऊन पत्रा वळवून घेतात. बाकीचे पुट्टी भरतात, आणि वर्षभराने ती पुट्टी तडकते.

घरचं वेल्डिंग पुरतं का?

पत्र्यासाठी पुरतं. अमेरिकेत घरच्या प्लगला १२० व्होल्टची वीज असते आणि तेवढ्यावर चालणारं छोटं मिग वेल्डिंग मशीन अनेक गॅरेजमध्ये असतं. हौद्याचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाड. इथे अडचण ताकदीची नसते, उष्णतेची असते. एका टोकाकडून सुरू करून सलग वेल्ड मारत गेलं तर पत्रा पापडासारखा वाकतो. म्हणून इथे एक टाका, हातभर लांब दुसरा टाका, मग थांबून गार होऊ द्यायचं, अशा क्रमाने पूर्ण सांधा भरतात. व्हिडिओत सेकंदात उरकणारं हे काम प्रत्यक्षात दिवसभर चालतं.

जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. तो थर घासून न काढता वेल्डिंग केलं तर जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. बंद गॅरेजमध्ये हे हमखास होतं. पेट्रोलच्या टाकीबद्दल तर एक गैरसमज फार पसरलेला आहे. टाकी रिकामी आहे म्हणजे भीती नाही, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात आत उरलेली वाफ भडका घेते, त्यामुळे जवळपास वेल्डिंग करायचं असेल तर टाकी गाडीवरून उतरवून दूर ठेवणं हाच मार्ग. बॅटरीच्या तारा तर आधीच सोडवायच्या.

चासीची गोष्ट वेगळी. तिचं लोखंड पत्र्याच्या कितीतरी पट जाड असतं. छोट्या मशीनने तिथे वेल्ड मारला तर वरून मण्यांच्या माळेसारखी सुंदर ओळ दिसते, पण धातू आतपर्यंत वितळलेला नसतो. असा सांधा उभ्या गाडीत वर्षानुवर्षं टिकेल. भरलेल्या गाडीत, खड्ड्यावर, ब्रेक दाबताना तो सुटू शकतो. बाहेरून बघून हे ओळखता येत नाही. म्हणून अनुभवी वेल्डर त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर आधी वेल्ड मारतात, ते शिकंजात धरून हातोड्याने वाकवतात आणि सांधा फुटतो का ते बघतात. चासीला त्यानंतरच हात लावतात.

चाकाच्या पुढे कापणं : इथे कणाच छोटा होतो

लांब सी-१० ची खरीखुरी 'शॉर्ट' सी-१० करायची तर नुसता हौदा कापून भागत नाही. कारखान्यातून येणाऱ्या लांब गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, १२७ इंच. आखूड गाडीत ११५. म्हणजे चासीतून १२ इंच काढून मागचं एक्सल पुढे आणावं लागतं. चासीचं शेपूट वेगळं कापावं लागतं.

सरळ उभा काप देऊन दोन टोकं जोडणं ही यातली सगळ्यात वाईट पद्धत. सगळा ताण एकाच रेषेवर येतो. त्याऐवजी काप पायरीसारखा किंवा तिरका घेतात आणि आतून जाड पट्टी बसवून सांधा बळकट करतात. पट्टीची टोकंही चौकोनी ठेवत नाहीत, निमुळती करतात, नाहीतर भेग सांध्यात न पडता पट्टीच्या कडेला पडते. कापण्याआधी दोन्ही बाजूंना आडवे-तिरके गज टाचून चासी जखडून ठेवतात आणि दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवतात. जोडल्यावर कर्ण सारखे आले नाहीत तर गाडी रस्त्यावर तिरकी चालते, हे नक्की.

यानंतर खरी यादी सुरू होते. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, पेट्रोलची लाइन, सायलेन्सरचा पाइप, वायरिंग, सगळं लांब उरतं. त्या काळच्या सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असायची. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण हे काम करणाऱ्यांना तेवढीच एक भानगड कमी. प्रोपेलर शाफ्टही आखूड करावा लागतो. तो मात्र घरी करू नये, वर्कशॉपमध्ये कापून, बॅलन्स करून आणावा. वेगात फिरणारा हा नळ किंचितही वाकडा असेल तर आधी थरथर जाणवते आणि मग जॉइंट जातात.

गाडीचा स्वभावही बदलतो. आखूड गाडी पटकन वळते, पण ब्रेक दाबल्यावर जास्त झुकते आणि मागे ट्रेलर लावला तर लवकर डगमगते. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक आधीच हलकं असतं, ते आणखी हलकं होतं. कंपनीने दिलेला वजन वाहण्याचा आकडा या गाडीला डोळे मिटून लावता येत नाही.

कोणत्या गाडीवर हे करूच नये?

नव्या गाड्यांवर. होंडा रिजलाइन किंवा फोर्ड मॅव्हरिक यांसारख्या गाड्यांत हौदा आणि केबिन एकाच सांगाड्याचा भाग असतो, तिथे बोल्ट काढून हौदा उचलण्याचा प्रश्नच नाही. फोर्ड एफ-१५० चा हौदा २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे आणि ते वेल्डिंग लोखंडापेक्षा पूर्ण वेगळं आहे. शिवाय अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे. गाडी घसरतेय की नाही, हे ठरवताना ती यंत्रणा चाकांमधलं मूळ अंतर गृहीत धरते. कापलेल्या गाडीत तिचा हिशोब चुकतो.

भारतात चालतं का?

नाही. अमेरिकेत स्वतःच्या गाडीत मालकाने केलेले बदल मुख्यतः त्या त्या राज्याच्या नियमांखाली येतात, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या शौकिनांना बरीच मोकळीक मिळते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. व्हीलबेस आणि गाडीचं रिकामं वजन या गोष्टी नोंदणीत असतात. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते.

आपल्याकडे वेगळ्या मापाचा हौदा खरंच हवा असेल, तर त्याची वाट गाडी घेतानाच निवडावी लागते. काही कंपन्या नुसती केबिन आणि चासी विकतात. त्यावर बॉडी बिल्डर नियमात बसणारी बॉडी बांधून देतो आणि गाडीची पहिली नोंदणीच त्या बॉडीसकट होते.