देवराई आणि सरकारी राखण

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणात आणि मावळात, ग्रामदेवतेचे देऊळ म्हटले की त्याच्याभोवती रान हे आलेच. या रानाला कोठे देवराई म्हणतात, कोठे देवरहाटी. काळकाई, वाघजाई, शिरकाई, सातेरी, रवळनाथ अशा दैवतांच्या नावाने ही राने पिढ्यान् पिढ्या राखली गेली. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही. इतकेच काय, वाळून पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, अशी अनेक गावांची रीत. देवळाच्या कामाला एखादे झाड लागलेच, तर गावाने एकत्र बसावे, देवाचा कौल घ्यावा आणि मगच झाडाला हात लावावा. या शिस्तीमुळेच आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी देवराईतील सातवीण, किंजळ, बेहडा आणि गारंबीचे अजस्र वेल टिकून राहिले. गावाचा बारमाही झराही बहुधा तेथेच सापडतो.

ही राखण गावकऱ्यांची होती. सरकारी राखण पुष्कळ उशिरा आली आणि आरंभी तिचा हेतूही निराळा होता. इंग्रज सरकारने १८६५ साली पहिला वन कायदा केला. १८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे जंगलाचे तीन वर्ग पाडले. १९२७ च्या कायद्याने तीच व्यवस्था पुढे चालविली. सरकारची मुख्य दृष्टी इमारती लाकडावर आणि महसुलावर होती. देवराई असा स्वतंत्र वर्ग या कायद्यांत नव्हता. परिणामी काही देवराया वनखात्याकडे गेल्या, काही महसूल खात्याकडे गेल्या, तर काही खाजगी नावावर राहिल्या. राखण गावाची आणि कागद दुसऱ्याचा, अशी स्थिती झाली.

याचा प्रत्यय १९७० नंतरच्या दशकात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी आला. तेथील देवराई वनखात्याच्या तोडीत आली होती. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ त्या सुमारास देवरायांचा अभ्यास करीत होते. गावकऱ्यांनी त्यांच्याकडे धाव घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते : रान गेले तर गावचे पाणी जाईल. या दोघांनी वनखात्याकडे शब्द टाकला आणि देवराई वाचली. पुढे १९८१ साली त्यांनी महाराष्ट्रातील देवरायांची यादीही प्रसिद्ध केली.

कायद्याची दृष्टी बदलण्यास मात्र २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीने खाजगी वा सामूहिक जमिनीवरील राने, तेथील परंपरेसह, 'सामुदायिक राखीव' म्हणून जाहीर करण्याची सोय झाली. त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्याने राज्य सरकारला स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून 'जैविक वारसा स्थळ' घोषित करण्याचा अधिकार दिला. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील भालांदेश्वराची देवराई २०२१ साली असे वारसा स्थळ झाली. क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर, परंतु रानजायफळाची दुर्मिळ दलदल तेथे गावाच्या श्रद्धेनेच जिवंत राहिली होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील ओरण, म्हणजे तेथील देवराया, यांच्यासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील देवरायांसाठी धोरण आखण्याची शिफारस केंद्र सरकारला केली.

तथापि केवळ कायद्याने देवराई राहत नाही. आज तिला मोठा धोका आहे तो जीर्णोद्धाराच्या नावाने होणाऱ्या तोडीचा. देऊळ सिमेंटचे होते, सभामंडप वाढतो, गाड्यांना जागा लागते आणि कधी बांधकामाच्या खर्चासाठी जुनी झाडे विकली जातात. दोनपाच वर्षांत देऊळ नवे उभे राहते. शेकडो वर्षांचे रान मात्र पुन्हा उभे करता येत नाही.

यावर उपाय गावाच्या हाती आहे. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. देवराईची सीमा, तेथील झाडे, पाणी आणि गावाची रीत त्या वहीत लिहून ठेवली, तर पूर्वजांच्या राखणीला सरकारी कागदाचा आधार मिळतो. जीर्णोद्धाराचे काम सुरू होण्यापूर्वीच ही नोंद व्हावी. दात्यांनी देणगी देताना देवळाच्या कळसाबरोबर त्यामागच्या रानाचीही विचारपूस करावी. देवाचे घर नवे झाले, त्याचे अंगणही जुनेच राहो.