व्हायोलिनची कलम केलेली मान

व्हायोलिनच्या ज्या भागाचा नादाशी संबंध सर्वांत कमी, तो भाग म्हणजे त्याचे मस्तक : चार खुंट्या बसवलेली अरुंद पेटी आणि तिच्या टोकाशी शंखासारखे वेटोळे घेतलेला कोरीव स्क्रोल. पेटीला तारा धरून ठेवण्याचे काम तरी आहे. स्क्रोल मात्र निव्वळ शोभेचा. म्हणूनच तेथे कारागिराचा हात मोकळा सुटतो. टायरोलमधील अब्सामच्या याकोब स्टायनरने (मृत्यू १६८३) काही वाद्यांवर वेटोळ्याऐवजी सिंहमुख कोरले. क्रेमोनाच्या स्त्रादिवारीच्या (मृत्यू १७३७) स्क्रोलवर आखणी करताना रुतलेल्या कंपासच्या टोकाचे बारीक ठिपके आजही दिसतात. हस्तलिखिताच्या अभ्यासात पुष्पिकेला जे स्थान, काहीसे तसेच स्थान जुन्या वाद्यात या मस्तकाला आहे, असे आम्हाला वाटते.

आणि पुष्पिकेप्रमाणेच ते फसवूही शकते. क्रेमोनाच्याच ग्वार्नेरी 'देल जेझू'च्या (१६९८–१७४४) अनेक वाद्यांची मस्तके त्याच्या वृद्ध पित्याने कोरली असावीत, असे अभ्यासक मानतात. पित्यामागे, १७४० नंतरच्या वाद्यांवरील स्क्रोल एकाएकी रांगडे, ओबडधोबड होतात. एका कर्त्याच्या नावावर असलेल्या कृतीत दोन हात नांदतात, ते असे.

तथापि मस्तकाचा खरा इतिहास त्याच्या खाली, मानेशी आहे. जुन्या वाद्यांची मान आतून खिळे ठोकून धडाला जोडलेली असे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अधिक लांब व मागे झुकलेल्या मानेची गरज भासू लागली. तेव्हा कारागिरांनी जुनी मान कापून टाकली, पण मस्तक टाकले नाही. नव्या मेपल लाकडाची मान जुन्या पेटीत खोवून त्यांनी चक्क कलम बांधले. स्त्रादिवारीची बहुतेक वाद्ये आज अशी कलमी आहेत. फ्लॉरेन्समध्ये जपलेला, मूळ मान शाबूत असलेला १६९० चा मेदिची व्हायोला हा दुर्मीळ अपवाद. एवढ्या खटपटीचे नादाच्या दृष्टीने कारण नव्हते. मस्तक राखले गेले ते कर्त्याची खूण म्हणून.

पेटीच्या दोन्ही गालांवर दिसणारी कलमाची सांधरेषा साहजिकच जुन्या, मोलाच्या वाद्याचे लक्षण ठरली. आणि लक्षण ठरताच तिची नक्कल सुरू झाली. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शन परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी कामे वाटून स्वस्त व्हायोलिने घाऊक बनत. स्क्रोलवरून पुढे वळून गळ्यापर्यंत जायची पन्हळ तेथे अनेकदा आधीच थांबते. नजरेआडच्या जागेवर श्रम कोण खर्चणार? मात्र त्याच पेटीच्या गालावर कधीकधी खोट्या कलमाची रेघ काळजीपूर्वक ओरखडलेली आढळते. जी दुरुस्ती झालीच नाही, तिचा हा व्रण.

खरे-खोटे ओळखण्याची रीत साधी आहे. खरा सांधा पेटीच्या आतही उतरतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या रेषा बदलतात. खोटी रेघ पृष्ठभागावरच संपते. जुन्या पोथ्यांची चिकित्सा करणाऱ्यांना हे नवे वाटू नये. प्रक्षेप, सांधे, परहस्ताच्या दुरुस्त्या यांना आपण संहितेचे दोष मानत आलो. परंतु कुणीतरी जपावेसे मानले, म्हणूनच सांधा पडला. आम्हाला अधिक सावध करते ती अशी संहिता, जिच्यावरचे जुनेपण केवळ वरवर ओरखडलेले आहे.