बर्थाबाईंचा गार्टर आणि जुन्या जीपची वायर

गाडीची वायरिंग म्हटलं की आपण बाया दोन पावलं मागे सरतो. बॉनेट उघडलं की पुरुषमंडळी गोळा होतात आणि आपण पिशव्या सांभाळत कडेला उभ्या राहतो. पण मोटारीच्या वायरीतला बिघाड शोधून रस्त्यावरच दुरुस्त केल्याची जी सर्वांत जुनी हकिकत सांगतात, ती एका बाईची आहे. आज तिच्यापासूनच सुरुवात करूया.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी 1886 साली तीन चाकी मोटारीचं पेटंट घेतलं. त्यांच्या कारखान्यात पत्नी बर्था यांच्या माहेरचा पैसा होता, तोही लग्नाआधीच घातलेला. गाडी तयार झाली, पण घ्यायला कोणी पुढे येईना. ऑगस्ट 1888 मध्ये बर्थाबाईंनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. बरोबर 15 आणि 13 वर्षांची दोन मुलं. मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला, शंभरावर किलोमीटर! माहेरी जाण्याचं निमित्त बाईला केव्हाही सापडतं, नाही का?

वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. आणि ठिणगी देणाऱ्या वायरीचं आवरण घासून गेलं, तेव्हा मोजे वर धरून ठेवणारा आपला गार्टर काढून त्यांनी त्या वायरीला गुंडाळला. गाडी पुन्हा चालू लागली.

असं का झालं, ते नीट पाहू, कारण आपल्याकडच्या जुन्या जीपमध्येही नेमकं हेच होतं. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि बॅटरीकडे परतते. आवरण फाटलेली वायर लोखंडाला टेकली, की वीज प्लगपर्यंत न जाता मधूनच परत फिरते. पाटाला भगदाड पडल्यावर पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नाही, तसंच. गार्टरने ते भगदाड बुजवलं.

पुढची बरीच वर्षं गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे. ते उलट फिरलं तर मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियरने विजेवर चालणारा स्टार्टर काढला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. आपले ड्रायव्हर ज्याला ‘सेल्फ’ म्हणतात, तोच हा. बायांना एकटीने गाडी काढणं यामुळे सोपं झालं. पण सेल्फला मोठी बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनॅमो हवा, म्हणजे वायरी वाढल्या आणि बिघाडाच्या जागाही वाढल्या. डायनॅमोच्या जुन्या गाड्यांत इंजिन हळू फिरताना दिवे मंद होतात. तो बिघाड नव्हे, डायनॅमोचा स्वभावच तसा. पुढे अल्टरनेटर आले आणि ही कटकट कमी झाली.

कुर्ल्याला बनलेली पद्मिनी घ्या नाहीतर गावातली जुनी जीप, दिव्याला जाणारी वायर सहसा एकच असते. परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडच. त्याला ‘अर्थ’ म्हणतात. लोखंड गंजलं की वाट अडते. उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि त्याच्याबरोबर मागचा लाल दिवाही लुकलुकला, तर बल्ब बदलत बसू नका. आधी अर्थचा स्क्रू काढा, जागा घासून स्वच्छ करा आणि घट्ट आवळा. आमच्या मते जुन्या गाडीत पहिला संशय अर्थवरच घ्यावा.

रात्रीत बॅटरी उतरते, हे दुखणं सर्वांत वाईट, कारण पहाटे बाळंतिणीला न्यायच्या वेळीच ते कळतं. त्यासाठी दोन वायरी जोडलेला छोटा 12 व्होल्टचा बल्ब पुरतो. चावी बंद, दिवे बंद, दारं बंद. बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवा आणि ती वायर व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये बल्ब जोडा. बल्ब पेटला, तर वीज कुठेतरी गळते आहे. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्याच वाटेवर चोर आहे. एकही फ्यूज काढून बल्ब विझला नाही, तर फ्यूजशिवाय जाणाऱ्या वायरी बघा, डायनॅमोची आधी. बल्ब जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका.

फ्यूज उडाला की त्यात सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालणारे पुष्कळ भेटतात. त्यांना सरळ नाही म्हणा. फ्यूज जळायचा तो वाचतो आणि त्याच्याऐवजी वायर पेटते.

आणि बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक काढा, जोडताना ते शेवटी जोडा. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ऋण टोकच लोखंडाला जोडलेलं असतं. आधी धन टोकाला पाना लावला आणि तो चुकून बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. हातात बांगड्या असतील तर त्याही आधी काढून ठेवा.