लाल म्हणजे प्लस

आदली रात्र, १०:४०
मावशीच्या भट्टीच्या मीटरने मान टाकली आणि नवा कंट्रोलर मी करून देतो, असं मीच फुशारकीने सांगून बसलो. घरात मॅक्स ६६७५ चिप पडून होती, पण ती १०२४ अंशांपाशी थांबते आणि मावशीचं ग्लेझ पिकतं १२२० ला. म्हणून तपकीर गल्लीतून ३१८५५ आणली. तिचे सगळे लाड पुरवले. ३.३ व्होल्टचा पुरवठा, पायांना खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, भट्टीतलं तापमान टिपणाऱ्या थर्मोकपलच्या दोन टोकांमध्ये १० नॅनोफॅरडचा. थर्मोकपल कुठे अर्थला टेकलेलं तिला खपत नाही, म्हणून प्रोब सिरॅमिकच्या नळीतला. ती सगळा हिशेब सरळ रेषेत करते आणि १२०० ला सोळाएक अंश कमी दाखवते. ते प्रोग्रॅममध्ये दुरुस्त केलं.

राहिल्या दोन तारा.

११:२५
प्रोबच्या तारा पिवळी आणि लाल, चिपपर्यंत नेणाऱ्या एक्स्टेन्शन केबलच्या हिरवी आणि पांढरी. केबलची हिरवी प्लस, एवढं ठाऊक होतं. लाल तर प्लसच, हे बोटांना शाळेपासून पाठ. पण प्रोब अमेरिकी रंगांचा होता आणि अमेरिकी थर्मोकपलमध्ये लाल तार मायनस असते. भट्टीच्या अंगावरच्या टर्मिनल बॉक्समध्ये मी लाल-हिरवी एका स्क्रूत आवळली, पिवळी-पांढरी दुसऱ्यात.

प्रोबला लायटर दाखवला तर आकडा खाली जायला लागला. उलटं लागलंय, एवढं कळलं. बॉक्स परत कोण उघडतो, म्हणून चिपपाशीच तारांची अदलाबदल केली. आकडा वर चढला. मी झोपलो.

सकाळी ६:००
स्क्रीनवर २८, भिंतीवरच्या थर्मामीटरवर २८. भट्टी सुरू. आता केबल दोन्ही टोकांना उलटी होती, पण दोन्ही टोकं सारखीच गार असली की केबल काही व्होल्टेजच देत नाही. त्यामुळे चूक होती आणि आकडा बरोबर होता.

९:००
३१०. चहा.

दुपारी १२:३०
सहज बॉक्सवर हात ठेवला आणि चटका बसला. चिपपाशी ३३. बोर्ड भट्टीपासून लांब ठेवल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली.

त्या चटक्यातच सगळं होतं. चिप स्वतःजवळचं तापमान मोजून हिशेबात धरते. बॉक्सपासून चिपपर्यंतचा फरक केबलने भरून द्यायचा असतो. साधी तांब्याची तार असती तर तो फरक नुसता बुडाला असता. उलटी केबल तो वर आणखी एकदा वजा करते. भट्टी ऐन भरात आली तेव्हा बॉक्स ६० ला होता, म्हणजे फरक २७, दुपटीने ५४. शिवाय के प्रकारचं थर्मोकपल खाली अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट देतं, १२०० च्या आसपास साडेछत्तीसच. सगळं धरून स्क्रीन साठेक अंश मागे.

३:२०
मावशी काळा चष्मा लावून भोकातून आत बघत होती. आत पाच, सहा आणि सात नंबरचे, आपापल्या तापमानाला वाकणारे कोन उभे.

"अरे, सहा झोपला."

"स्क्रीनवर ११६० आहे, मावशी. सहाला अजून तास आहे."

"कोन काय तुझा स्क्रीन बघून वाकतो?"

मी तिला कोन जुने असतील म्हणालो. अजून आठवलं की कान गरम होतात.

३:४०
सातही वाकायला लागला. स्क्रीनवर ११८०. मी लॅपटॉप उघडून प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. तिथे चूक नव्हती.

४:०५
स्क्रीनवर १२०५. मावशी काही न बोलता उठली आणि तिने मेन स्विच पाडला. आत १२६५ च्या आसपास असणार.

दुसरा दिवस, दुपारी १२:००
वरच्या शेल्फवरचे कप लांबून बरे दिसले. मावशी एक उचलायला गेली तर शेल्फही हलला. ग्लेझ कपांवरून ओघळून पायाशी थिजलं होतं. दोन वाडगे एकमेकांवर रेलून कायमचे जुळले होते.

तिने छिन्नी घेतली. मी तिच्या फ्रिजवरचा चुंबक काढून टर्मिनल बॉक्स उघडला. के प्रकारात मायनसची तार, ॲल्युमेल, चुंबकाला धरते. चुंबक लाल तारेला टपकन चिकटला. तिच्याच स्क्रूतल्या हिरवीला लावून पाहिला, पडला.

मागे छिन्नीचा ठोका आणि पहिला कप फुटल्याचा आवाज एकदमच आला.