घसारा वजा जाता

पळणाऱ्या माणसाबद्दल मराठी भाषेचं मत एकूण वाईटच आहे. पळपुटा, पळवाट, पळ काढणे, पळता भुई थोडी होणे, पळवून नेणे. 'पळ' जिथं म्हणून आला, तिथं मागे पोलीस, सावकार नाहीतर मुलीचा बाप असायचाच. त्यातल्या त्यात 'धावणे' हे घरंदाज क्रियापद, पण ते भाषेनं देवासाठी राखून ठेवलं. भक्तानं हाक मारली की देव धावतो. माणूस मात्र पळतो. चांगल्या माणसानं फार तर चालावं. वारीत वेळापूरपाशी वारकरी 'धावा' करतात हे खरं, पण तिथं पुढे विठ्ठल असतो. आळंदीहून पंढरपूरला चालत जाऊन आलात तर लोक पाया पडतात. त्यातले चारच किलोमीटर सकाळी अर्ध्या चड्डीवर पळून दाखवा, तेच लोक काळजीनं विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मला हे नांदेडात एका दूधवाल्यानं विचारलं. गोदावरीच्या काठानं माझी नुकतीच सुरुवात झाली होती. त्यानं सायकल माझ्या बरोबरीनं आणली (बरोबरीनं म्हणजे त्याला ती पडू नये म्हणून कसरत करावी लागत होती) आणि म्हणाला, "सायेब, कोन मागं लागलंय का?"

"नाही हो."

"मग कामून पळायलाव?"

कॉमर्सच्या पदवीधराला असा सरळ प्रश्न विचारू नये. मी 'तब्येतीसाठी' असं काहीतरी पुटपुटलो. खरं सांगायचं तर मागं कोणीतरी लागलं होतं. माझे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. व्यसन नाही, वाद नाही, सही वळणदार. चव्वेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी फाईल बांधता बांधता खुर्चीतच गेले. तेव्हा मी दहावीत होतो आणि चव्वेचाळीस हे मला म्हातारपणच वाटलं होतं. पुढे माझीच चाळिशी उलटली आणि हिशेबात काहीतरी चूक असल्याचं लक्षात आलं. कॅश काउंटरवर बसून नोटा मोजताना चव्वेचाळीस आकडा आला की हात क्षणभर थांबे.

माणूस घाबरला की दोन गोष्टी करतो : देवळात जातो किंवा वाचतो. मी वाचायला लागलो, आणि म्हाताऱ्या पळणाऱ्यांचा एक अख्खा इतिहास हाती लागला. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. मुख्यतः कारकून आहेत.

पहिला मान जॅक फॉस्टरचा. हा न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ गावचा, आणि पेशानं चक्क कारकून! तिशी उलटल्यावर त्यानं पळायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी बिचारा पोटभर पळून, धापा टाकत घरी आला, तर बायको म्हणाली, काही विसरलात का? तो घरातून निघून सात मिनिटं झाली होती. हे वाचलं आणि मला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. माझ्या पहिल्या दिवशी आमच्या घरात हा प्रश्नही आला नाही. गॅसवर दूध ठेवलेलं असताना मी गेलो आणि ते उतू जायच्या आत परत आलो. मी गेलो होतो हेच सौभाग्यवतींना ठाऊक नव्हतं. फरक एवढाच की फॉस्टर दुसऱ्या दिवशीही गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यानं २ तास ११ मिनिटं १८ सेकंदांत मॅरेथॉन संपवून रौप्यपदक घेतलं. चाळिशीपुढच्या माणसांतला हा जागतिक विक्रम पुढे सोळा वर्षं टिकला. कारकुनाची नोंद अशी असावी. सहजासहजी खोडता येत नाही.

दुसरा जॅक होल्डन. इंग्लंडचा. याच्याविषयी मला आदर वाटतो तो कुत्र्यामुळे. नांदेडात पहाटे साडेपाचला पळणाऱ्याचे खरे प्रशिक्षक म्हणजे गल्लीतली कुत्री. माझे वेगाचे सगळे वैयक्तिक उच्चांक त्यांच्याच नावावर जमा आहेत. १९५० साली ऑकलंडला साम्राज्य स्पर्धेची मॅरेथॉन होती. होल्डन बेचाळीस वर्षांचा. पावसानं बूट भिजून निकामी झाले, ते त्यानं फेकून दिले आणि शेवटचे चौदा-पंधरा किलोमीटर अनवाणी पळाला. शेवट जवळ आला तेव्हा ग्रेट डेन जातीचा एक कुत्रा अंगावर आला. वासराएवढा असतो हा प्राणी. तरीही होल्डन चार मिनिटांहून जास्त फरकानं पहिला आला. कुत्र्यामुळे की कुत्रा असूनही, यावर इतिहास गप्प आहे. माझं मत पहिल्या बाजूचं आहे.

पण खरा माझ्या कामाचा माणूस तिसरा : क्लॅरेन्स डिमार. अमेरिकेतला, छापखान्यात खिळे जुळवणारा. १९११ च्या सुमारास डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं की हृदयात 'मर्मर' ऐकू येते, पळणं सोड. तरीही त्यानं त्या वर्षीची बोस्टन मॅरेथॉन जिंकली. मग मध्ये बरीच वर्षं शांत राहिला आणि १९२२ पासून पुन्हा जिंकत सुटला. एकूण सात वेळा, शेवटची १९३० साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. १९५८ साली, सत्तरीत, तो कर्करोगानं गेला. मरणोत्तर तपासणीत त्याच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. १९६१ साली डॉक्टरांच्या एका मोठ्या नियतकालिकात त्यावर लेख आला.

हा परिच्छेद मी माझ्या डॉक्टरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पळून रुंद झाल्या की रुंद होत्या म्हणून पळाला, हे कसं ठरवणार?" डॉक्टर लोकांना गोष्टीतली मजा कळत नाही. त्यांनी माझा ईसीजी काढला, रक्त घेतलं, पट्ट्यावर पळवलं आणि शेवटी म्हणाले, "हळूहळू वाढवा. आणि वडिलांचं वय गाठायच्या घाईत राहू नका, ओलांडायच्या राहा." फी मात्र त्यांनी पूर्ण घेतली.

आता जरा हिशेबाचं. आम्ही बी.कॉम.ला घसारा शिकलो. यंत्र घेतलं की दर वर्षी त्याची थोडी थोडी किंमत खर्ची टाकायची. याच्या दोन पद्धती : एक सरळ रेषेची, दर वर्षी सारखीच रक्कम, दुसरी घटत्या शिल्लकेची. माणसाच्या शरीराला यांतली कोणती लावावी, हा प्रश्न आमच्या सरांनी परीक्षेत विचारला नव्हता. शरीर प्राणवायू किती वापरू शकतं, ही पळणाऱ्याची खरी भांडवली शिल्लक. खुर्चीवर बसून राहणाऱ्याची ती दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते, असं शास्त्रज्ञ सांगतात. नेमानं पळणाऱ्याची बरीच कमी घटते. घसारा कुणालाच चुकत नाही. दर मात्र थोडाफार आपल्या हाती आहे. आमच्या बँकेत तर व्याजाचा दरही आपल्या हाती नसतो.

या मंडळींनी घसाऱ्याचं रीतसर कोष्टकच केलं आहे. प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली टोरांटोला झाली. १९७७ साली त्यांची जागतिक संघटना निघाली, आणि १९८९ मध्ये वयाप्रमाणे गुण द्यायचे तक्ते आले. तुमच्या वयाच्या माणसाची जगातली उत्तम वेळ किती, तिला तुमच्या वेळेनं भागायचं, आणि टक्के काढायचे. म्हणजे म्हाताऱ्यालाही मार्कशीट! परीक्षा सुटल्याच्या आनंदात आयुष्यातली वीस वर्षं काढलेल्या माणसावर हा मोठाच आघात.

हे तक्ते पाहून मी एक उद्योग केला. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटांना वाटलं की ही पोरं ऑलिंपिकला धाडावीत. तयारी अशी की शंभर यार्डांना किती वेळ पात्र धरतात, असं जिमखान्याच्या एका मोठ्या सभासदाला विचारलं तर उत्तर आलं, असेल एक-दोन मिनिटं! तरी टाटांनी वर्गणी जमवली, पदरची भर घातली, आणि १९२० साली अँटवर्पला आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, एकोणिसावा क्रमांक. आता समोरच्या बाजूला एड व्हिटलॉक हे नाव लिहा. कॅनडातला निवृत्त खाण-अभियंता, घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास चकरा मारून सराव करणारा. (आपल्याकडे माणसानं असं काही केलं तर घरचे मांत्रिक आणतील.) २००४ साली त्यानं टोरांटोला वेळ दिली २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद. वय त्र्याहत्तर! फरक चार मिनिटं तीन सेकंद. अँटवर्पचा रस्ता साडेपाचशे मीटरनं जास्त होता. त्याची सव्वादोन मिनिटं मी प्रामाणिकपणे फडेप्पांच्या खात्यात जमा केली, तरी अंतर सव्वासहा मिनिटांच्या आतबाहेरच राहतं. ताळेबंद तीनदा तपासला. बरोबर आहे.

आमच्या गावात सचखंड गुरुद्वारा असल्यामुळे पंजाबातून येणाऱ्या मंडळींची सदैव वर्दळ. तेव्हा फौजासिंगांचं नाव घेतल्याशिवाय नांदेडात हा विषय संपू शकत नाही. एकोणनव्वदाव्या वर्षी, २००० साली, ते लंडनची पहिली मॅरेथॉन पळाले. २०११ साली टोरांटोला शंभराव्या वर्षी आणखी एक पुरी केली. पण गिनेस बुकानं नोंद घेतली नाही, कारण जन्मदाखला नव्हता! पासपोर्ट होता, तो पुरला नाही. हे वाचून मला त्या अज्ञात गिनेसवाल्याबद्दल व्यावसायिक आपुलकी वाटली. असा माणूस आमच्या प्रत्येक शाखेत एक तरी असतो. काही दिवस तो मीच असतो. फौजासिंग २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेनं गेले. म्हातारपण त्यांना शेवटपर्यंत गाठू शकलं नाही, मोटारीनं गाठलं.

आणि हे सगळे बुटांचे, तक्त्यांचे, सरावाचे हिशेब ज्यांच्यापुढे मला लाजवतात त्या लता भगवान करे. साठी ओलांडलेल्या, मजुरी करणाऱ्या. नवरा आजारी, तपासणीला पैसे नाहीत. बारामतीला ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत आहे आणि बक्षीस पाच हजारांचं आहे, एवढं कळलं. नऊवारी पातळ, पायात काही नाही. पळाल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळवला. यावर मला विनोद सुचत नाही. दूधवाल्यानं त्यांना 'कामून पळायलाव' विचारलं असतं, तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

माझं उत्तर मला लातूरला सापडलं. पंचेचाळीस पुरी झाली त्या वर्षी तिथल्या एका दहा किलोमीटरच्या शर्यतीचा अर्ज भरला. गटांचे रकाने होते. '४५ वर्षांवरील' या चौकोनात खूण करताना पेन थांबलं. या गटात वडील कधी आलेच नाहीत. आमच्या घराण्यातर्फे मीच पहिला.

आदल्या रात्री साडूकडे मुक्काम. मेहुणीनं प्रेमानं पुरणपोळी केली आणि साडूभाऊ "उद्या पळायचंय, खा!" म्हणत वाढत राहिले. पळायचंय म्हणून कमी खावं, हे सांगायची साडूकडे सोय नसते. दुसऱ्या दिवशी निम्मी शर्यत मी आणि निम्मी पुरणपोळी पळाली. सुसाट पोरं केव्हाच पुढे गेली, रमतगमत येणारे मागे राहिले, आणि मी एकटाच गंजगोलाईपाशी पोचलो. १९१७ साली बांधलेल्या या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोळापैकी पंधरा चुकीचे असतात हे मला कुणी सांगायला हवं होतं. मी आधी सराफाच्या दिशेनं गेलो, मग भांड्यांच्या. एका पानवाल्यानं हात करून परत वळवलं. "काका, शर्यत तिकडं गेली," तो म्हणाला. एकसष्ट मिनिटांत संपवली. तक्त्यावर सत्तेचाळीस टक्के! ज्या गावच्या 'लातूर पॅटर्न'मध्ये नव्याण्णव टक्क्यांची पोरं निपजतात तिथं मी सत्तेचाळीस घेऊन उभा होतो. पानवाला वेळेवर भेटता तर सेकंड क्लास हमखास होता. बी.कॉम.लाही माझं असंच थोडक्यात हुकलं होतं.

पण सांगतो, रेघ ओलांडल्यावर मी रडलो. साडूभाऊंना वाटलं पोटात दुखतंय.

दर नोव्हेंबरात आमच्याकडे निवृत्तिवेतनवाल्यांची रांग लागते. 'हयातीचा दाखला' द्यायचा असतो. हल्ली तो घरबसल्या मोबाइलवरही देता येतो, पण म्हातारी माणसं मुद्दाम येतात, काठी टेकत, जिना चढून. "आहे बरं का अजून!" असं खिडकीतून सांगतात आणि ठसा मारून घेतात. पूर्वी मला त्यांची गंमत वाटायची. आता त्या वर्षीचा शर्यतीचा कागदी क्रमांक माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. परवा एका आजोबांनी विचारलं, "हे काय रे?"

म्हटलं, "माझा दाखला."

त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिला आणि म्हणाले, "यावर शिक्का कुठाय?"